रहमान सोड्याच्या बाटलीवरची रिकामी जागा

जानेवारीत नागपूरचा माणूस चंद्रपूरकडे गाडी वळवतो ती वाघासाठी. मी वळवली सोड्याच्या दोन बाटल्यांसाठी. वाघ दिसेलच याची खात्री नसते, आणि दिसला तरी त्याला उलटा करून बुडाखाली काय छापलंय ते वाचता येत नाही. बाटलीचं तसं नसतं.

या ब्लॉगवर नव्याने आलेल्यांसाठी सांगते: गेली अठरा वर्षं मी जुन्या काचेच्या बाटल्या जमवते आणि त्यांच्यावरच्या खुणांवरून त्यांचा काळ सांगते. नवरा म्हणतो, लोक भरलेल्या बाटल्यांनी बिघडतात, ही रिकाम्यांनी बिघडली. त्याच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. बाटल्यांच्या बाबतीत तर कोणाच्याच देत नाही, आणि याच सवयीने या खेपेला माझी फजिती केली.

निमित्त झालं एका फोनचं. चंद्रपूरच्या पुढे मूल नावाचं गाव आहे, तिथून इरफान शेख बोलत होते. पंचेचाळिशीचे, धानाचे व्यापारी. आता बाजारात गोटी सोड्याचं दुकान काढत होते, अगदी जुन्या पद्धतीचं, म्हणजे भाव तेवढा नवा. शुक्रवारी उद्घाटन. भिंतीवर घराण्यातल्या दोन जुन्या बाटल्या लावायच्या होत्या, आणि त्यांतली कोणती आधीची हे जाणकाराच्या तोंडून ऐकायचं होतं. "तुमी एकदा बोलल्या का झालं ताई, मग कोनी वाद नाई घालनार." वाद घालणारं कोण आहे, हे मी विचारलं नाही. कौतुक चालू असताना माणूस चौकशा करत नाही.

मंगळवारी सकाळी सहाला निघाले. जाम, वरोरा, भद्रावती करत चंद्रपूर तीन तासांत येतं. रस्ता उत्तम आहे, फक्त भद्रावतीनंतर कोळशाचे ट्रक सोबतीला असतात, तेव्हा पांढरा शर्ट घालून जाऊ नका. वरोऱ्याला तर्री-पोहे खाल्ले, तीस रुपये. तर्री इतकी तिखट की पुढचे वीस किलोमीटर मी कोणाशी वाद घालू शकले नसते.

चंद्रपुरात भंगारवाल्यांच्या गल्लीत डोकावल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एका दुकानदाराने धूळ पुसत एक तपकिरी बाटली काढली. इंग्रजांच्या जमान्याची, एका साहेबाच्या बंगल्यातून आलेली, आठशे रुपये. मी ती पालथी केली. बुडावर ठसठशीत ६५० एमएल. म्हटलं, "भाऊ, तुमचा साहेब मिलीलिटरमध्ये पीत होता का?" तो हसला, बाटली आत ठेवली आणि चहा मागवला. ही खूण लक्षात ठेवा. आपल्याकडे मापं मेट्रिक झाली ती स्वातंत्र्यानंतर, त्यामुळे एमएल लिहिलेल्या बाटलीतून कुठलाही गोरा साहेब प्यालेला नाही.

दुसरी खूण शिवणीची. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बाटलीच्या अंगावर बारीक रेघ उठते. ती ओठावरून थेट पार गेली तर बाटली यंत्राची, ओठाखालीच विरली तर तोंड हाताने वळवलेलं, म्हणजे बहुधा जुनी. मात्र हा नियम गोटी सोड्याच्या बाटलीला लावू नका. तिच्यात आधी काचेची गोटी टाकतात आणि मग तोंड वळवतात, त्यामुळे नव्या बाटलीची शिवणसुद्धा ओठाखाली विरते. तिथे बघायचा तो काचेचा रंग, आतले बुडबुडे, अक्षरांची ठेवण आणि गावाचं नाव. चांद्याचं चंद्रपूर साठच्या दशकात झालं, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्याच्याही बऱ्याच नंतर. इकडच्या बाटलीवर कोणता जिल्हा लिहिलाय, यावरून निम्मं काम होतं.

चंद्रपूर ते मूल पाऊण ते एक तास, सगळा जंगलातून. वाघांसाठी गाडी हळू चालवा असे फलक जागोजागी आहेत. वाघ सोडून सगळे ते वाचतात आणि वेगाने जातात. मूल जवळ आलं की हवेत धानाचा कोंडा तरंगायला लागतो. जानेवारीत राइस मिल अखंड चालू असतात आणि चहावरसुद्धा कोंड्याची साय येते.

इरफानभाईंचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे. दाराबाहेर लाकडी घोडीवर चढून सुधाकर पेंटर बोर्ड रंगवत होते. वर "शेख रहमान यांनी लावलेले रोप" एवढं झालं होतं, खाली खडूने आखलं होतं, "शेख कासम यांनी वाढवलेला वृक्ष". सोड्याचा वृक्ष कसा होतो हे मी विचारणार होते, पण पाहुणी होते.

घराण्याची गोष्ट इरफानभाईंनी खुर्ची पुसता पुसता सांगितली. रहमान आणि कासम हे सख्खे भाऊ, कासम म्हणजे इरफानभाईंचे आजोबा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे थोरल्या रहमाननी अहेरीत एकट्याने सोड्याचा कारखाना टाकला, नंतर कासम त्यात आले, आणि रहमान वारल्यावर तो कासमनीच चालवला. पुरावा म्हणून दोन बाटल्या पुढे आल्या. एकीवर इंग्रजी उठावाची अक्षरं होती: "रहमान अँड ब्रदर्स", खाली अहेरी, त्याखाली डिस्ट्रिक्ट चांदा. दुसरीवर तेच सगळं, फक्त "अँड ब्रदर्स" गायब. नुसतं "रहमान", आणि तेही डावीकडे सरकलेलं. दोन्ही बाटल्या आरशासारख्या चमकत होत्या. चमक यावी म्हणून इरफानभाईंनी त्यांना दरवाजांना मारतात ते पारदर्शक पॉलिश मारलं होतं, दोन हात. मला मनातल्या मनात रडू आलं.

जिल्हा दोन्हींवर चांदाच, त्यामुळे ती खूण बाद. मग मी माझा भिंगाचा डबा उघडला. दुकानातली कुजबुज थांबली. हे मला आवडतं, खोटं कशाला बोलू. ब्रदर्सवाली बाटली साफ काचेची, अक्षरं नेटकी. नुसत्या रहमानची काच हिरवट, बुडबुडे भरपूर, बूड कललेलं, आणि नाव मधोमध बसवायचाही कारागिराचा अंदाज चुकलेला. ओबडधोबड म्हणजे आधीची. मी निकाल दिला: नुसता रहमान पहिला, ब्रदर्स नंतर. इरफानभाईंनी सुधाकररावांना हाताने खूण केली, पेंटिंग पुढे सुरू झालं. संध्याकाळी लॉजवर (नऊशे रुपये, गरम पाणी बादलीने, पांघरूण स्वच्छ) मी फोटोंसह हा निकाल ब्लॉगवरही टाकला. तुमच्यापैकी पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. त्या परत घ्यायच्या तयारीने पुढचं वाचा.

त्याआधी दुकानातून निघताना इरफानभाई म्हणाले, अहेरीत आमची फुफी, म्हणजे आत्या आहे, रहमान यांची मुलगी जैनबबी. तिच्याकडे सोडा भरायचं जुनं यंत्र आहे, ते जरूर बघा. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन बाटलीची गोष्ट तिच्यापाशी नका काढू. तिचं काही वेगळंच राह्यते."

तर वाद घालणारं कोण, ते समजलं.

बुधवारी सकाळी मूलहून चामोर्शीकडे निघाले. वाटेत वैनगंगेचा पूल लागतो. थंडीत नदी पसरट वाळूतून एखाद्या सुट्टीवरच्या बाईसारखी आरामात चाललेली असते, पाच मिनिटं थांबाच. चामोर्शीला पेट्रोल भरून घ्या. आष्टीपर्यंत ठीक आहे, पण आष्टी ते आलापल्ली लोहखनिजाच्या ट्रकांची रांग असते आणि त्यांच्या मागे लाल धूळ. चाळीसेक किलोमीटरला मला पावणेदोन तास लागले. आलापल्लीजवळ सागाचं रान दोन्ही बाजूंनी अंगावर येतं. तिथे काच खाली केली आणि पहिल्यांदा वाटलं की वाघवाल्यांचंही काही अगदीच चुकत नसावं.

अहेरीला आठवडी बाजार होता. दूरच्या जंगलातल्या गावांमधून बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या, चारोळी, डिंक, लाखोरीच्या शेंगा. जैनबबींचं घर विचारलं तर कोणी सोडाबाई म्हणालं, कोणी धुनारी बाई. दारात सत्तरी कधीच पार केलेली, लहानखुरी, ताठ बाई उभी होती. तिने मला नखशिखांत बघितलं.

"तूच का थे बाटलीवाली? इरफानचा फोन आल्ता. म्हने, यंत्र दाखव आन् च्या पाज. बाकी बोलू नको."

मी म्हटलं, मलाही त्यांनी तेच सांगितलंय. ती हसली, आणि त्याबरोबर आमच्या दोघींवरचं बंधन संपलं.

मागच्या पडवीत यंत्र होतं, लोखंडी चाक, त्यात बाटल्या उलट्या धरायच्या खोबणी. शेजारी सिमेंटचा खोल, काळोखा हौद. बाप वारला तेव्हा जैनबबी आठ वर्षांची होती. तिचं सांगणं इरफानभाईंच्या बरोबर उलटं होतं. सुरुवातच दोघा भावांनी मिळून केली. बाप गेल्यावर काका कासम वेगळा झाला. वाटणीत "ब्रदर्स"च्या बाटल्या त्याच्याकडे गेल्या, यंत्र आणि हौद आईकडे राहिलं. आईचं नाव हाजराबी. काका मूलला गेला, आणि हाजराबीने कारखाना पुढे चालवला, जैनबबीचं लग्न होऊन ती परत माहेरच्या गल्लीत येईपर्यंत आणि त्यानंतरही. नुसत्या रहमानच्या बाटल्या आईने मागवलेल्या. नवऱ्याचं नाव ठेवलं, दिराचं काढलं.

"बोर्डावर मायचं नाव पायजे मले," ती म्हणाली. "एकच ओळ. शुक्रवारच्या आधी. एकदा का थो बोर्ड लागला, का मंग तेच खरं होते."

मी मान हलवली आणि मग माझ्या अंगातलं अठरा वर्षांचं ज्ञान बोललं. ओबडधोबड काच, बुडबुडे, कललेलं बूड, सरकलेलं नाव. वाईट वाटतं, पण बाटली जुनी आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, माय विधवा होती. तिले चांगल्या कारखान्यातली काच कोन देनार होतं? स्वस्तातली घेतली. स्वस्त ते जुनं, हे तुले कोनं शिकवलं?"

मी भिंगाचा डबा पिशवीत सरकवला.

मग ती आत गेली आणि तिच्याकडची एकुलती एक बाटली घेऊन आली. नुसत्या रहमानची. बाजारात विकलेल्या सोड्याच्या किती तरी बाटल्या जंगलातल्या गावांत राहून गेल्या होत्या, लोक त्यांत टोळीचं तेल ठेवायचे, म्हणजे मोहाच्या बियांचं. ही एका म्हातारीने तीन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी परत आणून दिली होती, "तुह्या मायची आहे" म्हणून. हिला पॉलिश मारलेलं नव्हतं. जैनबबीने हौदात दोन बादल्या पाणी ओतलं, बाटली बुडवली आणि मला हात घालायला लावला.

"डोये मीट. नावावरून उजवीकडं बोट ने."

मी डोळे मिटले. पाणी बर्फासारखं होतं. आर, ए, एच... नाव संपलं. पुढे गुळगुळीत. आणि मग गुळगुळीत नव्हतं. भाजल्यावर कातडी भरून येते तसं काहीतरी, जेमतेम उठलेलं. एक गोल वळण. एक उभी रेघ. मी बोट परत मागे नेलं, परत पुढे. अँड. बी. आर.

बाटली उन्हात तिरपी धरली तेव्हा डोळ्यांनाही दिसलं. आमच्या छंदात याला भुताची अक्षरं म्हणतात. मी त्यांच्यावर दोन लेख लिहिले आहेत, ते कृपया आता शोधू नका. छोट्या गिऱ्हाइकाचं नाव एका वेगळ्या लोखंडी पट्टीवर कोरलेलं असे, ती पट्टी साच्यात बसवत. नवी पट्टी महाग. जैनबबीने सांगितलं, हाजराबीने जुनीच अहेरीच्या लोहाराकडे नेली आणि नको ती अक्षरं पितळेने भरून घेतली. भर थोडी खोल बसली, त्यामुळे पुसलेलं नाव काचेवर पुसटसं उठत राहिलं. आता साधा विचार करा. "ब्रदर्स" आधी असल्याशिवाय ते पुसता कसं येईल? नुसत्या रहमानची बाटली नंतरचीच. आणि नाव डावीकडे सरकलेलं होतं ते कारागिराच्या अंदाजामुळे नव्हे, उजवीकडची जागा नंतर रिकामी झाली म्हणून.

मी विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू तिचा स्वतःचा हात तिला कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं होतं. बाजारानंतर दोन्ही प्रकारच्या बाटल्या मिसळून परत यायच्या. काकाच्या वेगळ्या काढून मूलला पाठवाव्या लागत. हौदात अंधार, पाण्यात राख, डोळ्यांना काही दिसायचं नाही. आठ वर्षांची पोर बोटांनी निवडायची. "ठळक लागलं का काकाची. मिटलेलं लागलं का मायची."

दुपारी तिच्याकडे भात, लाखोरीची डाळ आणि प्राणहितेची मासोळी जेवले. पैसे विचारले तर, मी चंद्रपूरच्या भंगारवाल्याच्या साहेबी बाटलीकडे बघितलं होतं, तसं तिने माझ्याकडे बघितलं. अहेरीला राहायची सोय साधी आहे, पण आहे; मी तिच्याच पडवीत झोपले.

गुरुवारी ती माझ्याबरोबर मूलला आली. पुढच्या सीटवर बसली, बाटली ओढणीत गुंडाळून मांडीवर. आष्टीपर्यंत ट्रकवाल्यांवर बोलली, आष्टीनंतर माझ्या गाडी चालवण्यावर. वैनगंगेच्या पुलावर हळूच म्हणाली की त्याने ऐकलं नाही तर ती तमाशा करणार नाही, परत अहेरीची बस धरेल. मी म्हटलं, तमाशा मी करते, मला सवय आहे.

त्याची गरज पडली नाही. दुकानात बोर्ड जवळजवळ तयार होता. इरफानभाई फुफीला बघून उठले, सलाम केला, आणि मला म्हणाले, "ताई, मी काय सांगतलं होतं तुमाले?" मी म्हटलं, माझा निकाल चुकला. हे वाक्य मी आजवर नवऱ्यालासुद्धा म्हटलेलं नाही. ते म्हणाले, कार्डं वाटून झाली, आजोबांचा फोटो मढवून आला, सगळ्या मूलने तुमचा ब्लॉग वाचला, आता असं कसं? फुफीच्या बाटलीवर काही असेलही. माझ्या भिंतीवरची तर गुळगुळीत आहे.

जैनबबी पुढे झाली. तिने सुधाकररावांकडे हात पसरला. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी थिनरचा डबा आणि चिंधी दिली. भिंतीवरची बाटली खाली आली. दोन हात पॉलिश दहा मिनिटांत उतरलं. मग तिने भाच्याची तर्जनी धरली, लहान पोराला अक्षर गिरवायला लावतात तशी, आणि नावाच्या उजवीकडे नेली.

"आँखाँ मीच," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. मिल चालू होती, कोंडा उडत होता, आणि तो धिप्पाड माणूस बाटलीवर बोट ठेवून उभा. एकदा बोट मागे नेलं, पुन्हा पुढे. डोळे उघडले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"अब्बाले माहीत होतं का हे, फुफी?"

"तुह्या अब्बानंच तर नेल्या बाटल्या मोजून तिथून इथी. बारा वर्षांचा होता."

इरफानभाई सुधाकररावांना म्हणाले, खालची ओळ पुसा.

शुक्रवारच्या उद्घाटनाला मी थांबले नाही, घरी कामं होती आणि अपमान ताजा होता. तीन दिवसांचा खर्च पेट्रोल धरून सहा हजारांच्या आत. जायचं तर जानेवारीतच जा, आष्टीच्या पुढे उजेडात जा, आणि अहेरीत बाजाराचा दिवस धरा. शुक्रवारी संध्याकाळी इरफानभाईंनी बोर्डाचा फोटो पाठवला. "शेख रहमान यांनी लावलेले रोप", आणि खाली "हाजराबी यांनी एकटीने वाढवलेला वृक्ष". कासम यांचा फोटो आत भिंतीवर आहे, मूलच्या दुकानाचे मालक म्हणून, जे ते होतेच. बोर्डावर नव्या रंगाखालून जुन्या ओळीचा "क" किंचित डोकावतो. सुधाकरराव आणखी एक हात मारणार होते, इरफानभाईंनी राहू दे म्हटलं.

मी लगेच जैनबबींना फोन लावला. मला वाटलं, रडत असतील. त्या चिडल्या होत्या.

"एकटीनं काऊन लिवलं? एकटी कुठी होती माय? बाटल्या त मी धुवत होती."

हे मी इरफानभाईंना कळवलं. ते म्हणाले, ताई, बोर्डावर जागा नाई उरली.

मंगळवारचा माझा लेख मी काढून टाकलेला नाही. त्यावर आडवी रेघ आहे आणि खाली दुरुस्ती. माझ्या कपाटातल्या प्रत्येक बाटलीला एक कार्ड आहे: काच, शिवण, बूड, अक्षरं, अंदाजे काळ. रविवारी बसून मी सगळ्या कार्डांवर एक रकाना वाढवला: धुतली कोणी. जैनबबींनी तेलाची ती बाटली मला दिलेली नाही, मागायची माझी हिंमतही झाली नाही, तरी तिचंही एक कार्ड केलं आणि तो रकाना भरला. बाकी दोनशे अकरा कार्डांवर तो कोरा आहे. नवऱ्याने विचारलं, एवढी रिकामी जागा कशाला सोडलीस? मी त्याला म्हटलं, बोट फिरवून बघ.